केसांवरची सत्ता

शरीराचा बाकी जवळजवळ कोणताही भाग बदलायचा तर वेदना होते, जखम होते, डॉक्टर लागतो. केसांचं तसं नाही. टाळूच्या वर आलेला केस निर्जीव असतो. तो कापला तर रक्त येत नाही, आणि कापल्यावर तो मुकाट्याने पुन्हा वाढतो. माणसांवर हुकमत गाजवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक व्यवस्थेचा हात आधी केसांवर पडला, त्याचं एक कारण हेच असावं. कैद्याचे, शिपायाचे, संन्याशाचे, विधवेचे केस कसे असावेत हे त्या त्या समाजाने ठरवून टाकलं. आणि दर वेळी कुणी हरकत घेतली की उत्तर ठरलेलं: केसच तर आहेत! त्यात एवढं काय?

या ‘एवढं काय’मध्ये काय काय मावू शकतं हे समजून घ्यायचं असेल, तर अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांचा इतिहास वाचावा. नोकरी, शाळा, न्यायालय, सैन्य, पोहण्याचा तलाव, कर्करोगाचा दवाखाना आणि स्वयंपाकघर, इतक्या ठिकाणी तो आपल्याला घेऊन जातो. तो वाचताना माझं मत हळूहळू पक्कं होत गेलं. रक्त न काढता करता येणारी सक्ती ही सक्तीच असते. आणि ती दिसत नाही, म्हणूनच ती पिढ्यान् पिढ्या टिकते.

आधी खुद्द केसाकडे पाहू. आफ्रिकी वंशाच्या माणसाच्या केसाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली गोल दिसत नाही, चपटा लंबगोल दिसतो. हा केस ज्या कूपातून उगवतो तो कूपच वाकलेला असतो, त्यामुळे केस मुळापासून वेटोळी घेत वर येतो. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. इथे मात्र ते पहिल्या दोन-चार वळणांतच अडतं आणि टोकं कोरडी राहतात. प्रत्येक वळण ही केस तुटण्याची जागा असते. म्हणून हा केस कोरडा असताना विंचरायचा नसतो. आधी पाणी, मग तेल किंवा मलम, मग डोक्याचे चार-सहा भाग करून एकेक भाग हातात घ्यायचा, मुळाशी घट्ट धरायचा, म्हणजे टाळूला ओढ बसत नाही, आणि रुंद दातांचा कंगवा टोकापासून वर वर न्यायचा. न्हाण्याचा दिवस हा तिथे खरोखर दिवसभराचा कार्यक्रम असतो. खांद्यापर्यंत पोचेल एवढा केस मोकळा सोडला की आखडून कानाशी येतो. बोटांनी ओढून पाहिला की आपली खरी लांबी दाखवतो आणि सोडताच पुन्हा वेटोळं घालून बसतो.

निसर्गाने हा केस असा का घडवला असावा, याचंही एक उत्तर आता हाताशी आलं आहे. टीना लसिसी, नीना जाब्लॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसाच्या आकाराच्या, तापवता येणाऱ्या पुतळ्यावर सरळ, लाटदार आणि घट्ट कुरळ्या केसांचे टोप चढवले, वरून उन्हासारखा प्रकाश सोडला आणि डोक्यापर्यंत किती उष्णता पोचते ते मोजलं. कोणत्याही केसाने डोक्याचं रक्षण केलंच, पण सर्वांत उत्तम रक्षण केलं ते घट्ट कुरळ्या केसाने. विषुववृत्ताच्या उन्हात वाढत्या मेंदूच्या मानवजातीला या केसाने सावली दिली असावी, असं हे संशोधक मानतात. ज्या केसाला पुढे ‘जंगली’ म्हणून हिणवलं गेलं, त्या केसाच्या सावलीतच आपल्या सर्वांचे पूर्वज वाढले असण्याचा संभव आहे.

आणि या केसाचं शास्त्र ज्यांच्या हातात होतं त्यांनी त्यातून काय घडवलं हे पाहायचं तर नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांचं काम पाहावं. 1968 पासून पुढे कित्येक वर्षं ते लग्नसमारंभांत, रस्त्यांवर, कचेऱ्यांत दिसणाऱ्या केशरचना टिपत राहिले. सुमारे हजार छायाचित्रं जमली. बहुतेक सगळी कृष्णधवल, आणि पुष्कळशी पाठमोरी. चेहरा नाही, दागिना नाही. मान, खांदे आणि वर एक वास्तुशिल्प. कुठे काळ्या दोऱ्याने गुंडाळलेल्या बटा कमानीसारख्या वळून एकमेकींना भेटतात, कुठे टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या मागे जातात आणि माथ्यावर एकत्र येऊन शिखर बांधतात. भांग इतके रेखीव असतात की अमेरिकी गणितज्ञ ग्लोरिया गिल्मर यांनी अशा वेण्यांसाठी पाडलेल्या चौकोन-त्रिकोणांच्या जडणीचा अभ्यास केला. योरुबा समजुतीप्रमाणे माणसाचं प्राक्तन त्याच्या डोक्यात वसतं. अशा समाजात केस विंचरणं हे सुशोभनाच्या फार पलीकडचं काम होतं. डोकं कुणाच्या हाती द्यायचं हा विश्वासाचा प्रश्न होता. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक समाजांत केशरचना पाहून बाईचं घराणं, वय, लग्न, शोक ओळखता येई.

गुलामांच्या जहाजांनी हे सगळं तोडलं. पकडलेल्या माणसांची डोकी कित्येकदा भादरली जात. स्वच्छतेचं कारण पुढे केलं जाई, पण उतरणाऱ्या केसांबरोबर माणसाची ओळखही उतरत होती. अमेरिकेतल्या मळ्यांवर ना तेल, ना फणी, ना वेळ. मेंढीची लोकर पिंजायच्या दातेरी फळीने बायका केस विंचरत, चरबी लावत, दोरे गुंडाळत, आणि बहुधा रविवारीच ते डोकं फडक्यातून मोकळं होई. गोऱ्या मालकांनी त्या केसांना केस म्हणायचंच नाकारलं. त्यांच्या लेखी ती ‘लोकर’ होती. लोकर जनावराला असते. जनावर विकता येतं.

पण याच काळातली एक कथा दक्षिण अमेरिकेत, सुरिनाममधल्या मरून लोकांनी जपली आहे. मरून म्हणजे मळ्यांवरून पळून जंगलात स्वतंत्र वस्त्या करणाऱ्यांचे वंशज. त्यांच्या परंपरेत सांगतात की पळून जाताना बायकांनी आपल्या घट्ट केसांत भाताचे दाणे लपवून नेले आणि जंगलात पहिलं पीक त्या दाण्यांतून उभं राहिलं. ही कथा मौखिक आहे. तिथल्या भाताच्या काही वाणांना आजही त्या आद्य स्त्रियांची नावं आहेत. ज्या डोक्याची किंमत बाजारात ठरत होती, त्या डोक्याने एका समाजाचं बियाणं सांभाळलं, अशी त्या समाजाची श्रद्धा आहे.

तिरस्काराच्या पोटात भीती कशी असते, हे न्यू ऑर्लिन्सच्या 1786 च्या हुकुमातून दिसतं. लुईझियाना तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं आणि एस्तेबान रोद्रिगेझ मिरो हे गव्हर्नर होते. शहरात गुलामीतून मुक्त झालेल्या आणि मुक्तच जन्मलेल्या मिश्र व कृष्णवर्णीय स्त्रियांची मोठी वस्ती होती. त्या केसांत मणी, पिसं, रत्नं माळून हिंडत आणि गोऱ्या पुरुषांच्या नजरा त्यांच्याकडे वळत. मिरो यांनी हुकूम काढला: या स्त्रियांनी केस उघडे दाखवायचे नाहीत, डोक्याला ‘तिन्यों’ नावाचं फडकं बांधायचं. गुलाम बायका कामावर फडकं बांधत. त्याच खुणेने मुक्त बाईलाही खाली ओढायचं होतं. स्त्रियांनी हुकूम पाळला. त्यांनी मद्रासच्या रंगीत चौकड्यांची कापडं आणली, त्यांना उंच गाठी मारल्या, त्यांवर पिसं आणि दागिने खोवले. ज्याने लाजवायचं होतं ते फडकं शहराचा थाट झालं. जे केस खरोखरच कुरूप वाटत असते, ते झाकायला कायदा कशाला लागला असता? मिरो यांच्या हुकुमाने या स्त्रियांच्या सौंदर्याची साक्षच लिहून ठेवली आहे.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली 1865 मध्ये. केसांवरची सत्ता मात्र आरशात जाऊन बसली. ‘चांगले केस’ म्हणजे सरळ, मऊ, वाऱ्यावर उडणारे, म्हणजे गोऱ्यांसारखे, ही मोजपट्टी आता कृष्णवर्णीय घरांतही वापरली जाऊ लागली. शनिवारी रात्री स्वयंपाकघरात लोखंडी कंगवा शेगडीवर तापे. मुलगी खाली बसे, आई तिचा कान दोन बोटांनी दुमडून धरी, कंगवा आधी फडक्यावर टेकवून पाही, मग मलम लावलेल्या बटेतून ओढी. चर्र आवाज येई, जळक्या केसाचा आणि चरबीचा वास घरभर पसरे. मुलीने मान हलवली तर कानशिलावर डाग. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये केस सरळ, चकचकीत. पावसाचा एक शिडकावा किंवा मानेवरचा घाम, की सगळं मूळपदावर. त्या आईला मुलीचा दुस्वास नव्हता. बाहेरच्या जगात मुलीला एक टक्काटोणपा कमी बसावा, एवढीच तिची धडपड होती. सक्ती प्रेमाच्या हाताने पोचवली जाते, तेव्हा ती ओळखणं सर्वांत कठीण होतं.

या काळाची नायिका सारा ब्रीडलव्ह. 1867 साली लुईझियानातल्या डेल्टा या गावी, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी तिचा जन्म झाला. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य. सेंट लुईसमध्ये लोकांची धुणी धुऊन ती लेकीला वाढवत होती, आणि केस झडत चालले होते. अॅनी टर्नबो मलोन या कृष्णवर्णीय उद्योजिकेची केसांची औषधं विकता विकता ती शिकली आणि पुढे स्वतःचा कारखाना काढून मॅडम सी. जे. वॉकर या नावाने देशभर गाजली. तिच्यावर ठपका ठेवला जातो की तिने बायकांना केस सरळ करायला शिकवलं. ती स्वतः हे मान्य करत नसे. टाळू निरोगी करून केस वाढवणं हे आपलं काम, असं ती सांगे. मला तिच्या हिशेबात आणखी एक गोष्ट मोठी वाटते. मोलकरीण आणि धोबीण यांपलीकडे ज्यांना काम मिळत नव्हतं अशा हजारो स्त्रियांना तिने विक्री-प्रतिनिधी केलं. 1917 मध्ये फिलाडेल्फियात त्यांचं अधिवेशन भरवलं, आणि झुंडीने होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा करा, अशी तार त्या अधिवेशनातून राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना गेली. केसांच्या मलमाच्या धंद्यातून बायकांचा राजकीय आवाज उभा राहिला. म्हणून केस सरळ करणाऱ्या बाईला ‘गुलाम मनोवृत्तीची’ म्हणून निकालात काढणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

पुढे गरम कंगव्याची जागा रसायनांनी घेतली. केसाचा आकार ज्या गंधकाच्या बंधांनी टिकतो ते बंध तोडून केस कायमचा सरळ करणारं मलम, म्हणजे रिलॅक्सर. त्यातल्या जुन्या प्रकारात कॉस्टिक सोडा असतो, तोच जो तुंबलेल्या नळांसाठी वापरतात. मिनिटं मोजून तो धुवायचा असतो. दोन-चार मिनिटं जास्त झाली की टाळू सोलून निघते. लहान मुलींसाठीही खास डबे निघाले. केस कापताना रक्त येत नाही हे खरं. पण 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या संशोधकांनी 33,497 स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के आढळलं. वारंवार वापरणाऱ्यांत ते 4.05 टक्के निघालं. हा संबंध सांख्यिकी आहे आणि कारण नेमकं कोणतं यावर अभ्यास चालू आहे. मात्र ही रसायनं वापरणाऱ्या त्या स्त्रियांपैकी सुमारे साठ टक्के कृष्णवर्णीय होत्या. एका समाजाने ‘नीटनेटकं दिसा’ म्हटलं आणि त्याची किंमत कुणी, शरीराच्या कोणत्या भागात मोजली, याचा हा हिशेब आहे.

बंड उघडपणे पेटलं ते 1960 च्या दशकात. 28 जानेवारी 1962 रोजी न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये छायाचित्रकार क्वामे ब्राथवेट आणि त्यांच्या साथीदारांनी ‘नॅचरली ’62’ हा सौंदर्याचा सोहळा भरवला. ग्रँडासा मॉडेल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्यासावळ्या तरुणी आपले केस जसे उगवतात तसेच ठेवून मंचावर आल्या. दशक संपता संपता अॅफ्रो, म्हणजे डोक्याभोवती गोल फुलवलेले मोकळे कुरळे केस, ही एका पिढीची मुद्रा झाली. 1970 मध्ये एफबीआयने कृष्णवर्णीय कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांच्या अटकेसाठी देशभर लावलेल्या पत्रकावर त्यांचा अॅफ्रो होता. 1972 मध्ये त्या निर्दोष सुटल्या. पण त्या फरार असताना केवळ तशा केसांमुळे कित्येक कृष्णवर्णीय स्त्रियांना पोलिसांनी हटकलं, असं त्यांनी पुढे लिहिलं. आपलं सारं राजकारण लोकांच्या स्मरणात एका केशरचनेपुरतं उरलं, याची खंतही त्यांनी व्यक्त केली. डोक्यावर काय आहे हे पाहणाऱ्याला डोक्यात काय आहे ते दिसत नाही, हा अनुभव शत्रूकडून येतो तसा चाहत्यांकडूनही येतो.

मग प्रकरण न्यायालयात गेलं, आणि ‘केसच तर आहेत’ या वाक्याला कायद्याची भाषा मिळाली. रेनी रॉजर्स अमेरिकन एअरलाइन्समध्ये विमानतळावर काम करत. टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या, म्हणजे कॉर्नरो, घालून त्या कामावर आल्या. कंपनीच्या नियमात सगळ्या केसांच्या वेण्या बसत नव्हत्या. कामाच्या वेळेत केस गुंडाळून त्यावर कृत्रिम केसांचा तुकडा लावावा, अशी सवलत कंपनीने दिली. त्याने डोकं ठणकतं, असं रॉजर्स यांचं म्हणणं होतं. 1981 मध्ये न्यू यॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. या वेण्या उपजत नाहीत, त्या सहज बदलता येतात, असं न्यायालय म्हणालं; आणि बो डेरेक या गोऱ्या नटीने 1979 च्या एका सिनेमात त्या लोकप्रिय केल्यानंतर थोड्याच काळात रॉजर्स यांनी त्या घातल्या, याचीही नोंद निकालात झाली. ज्या केशरचनेला शतकांची परंपरा होती, तिची वंशावळ दोन वर्षांपूर्वीच्या एका सिनेमापाशी आणून थांबवली गेली.

जवळजवळ तीस वर्षांनी, 2010 मध्ये, अलाबामात एका तरुणीला ग्राहकसेवेची नोकरी मिळाली आणि लगेच काढून घेतली गेली. तिच्या केसांचे लॉक्स होते, म्हणजे केस एकमेकांत गुंफून तयार झालेल्या दोरासारख्या बटा. ते कापायला तिने नकार दिला. काम फोनवरचं होतं. एकही ग्राहक तिला पाहणार नव्हता. असे केस अस्ताव्यस्त होतात, मात्र तुझे तसे आहेत असं नव्हे, असं तिला सांगण्यात आल्याचं कागदपत्रांत आहे. 2016 मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा तोच धागा धरला: वंश बदलता येत नाही, लॉक्स बदलता येतात, म्हणून लॉक्सवरची बंदी हा वंशभेद नाही.

मला या युक्तिवादापाशी थांबावंसं वाटतं, कारण सगळ्या इतिहासाचा गाभा इथे आहे. धर्म बदलता येतो. आडनाव बदलता येतं. माणूस मातृभाषा गिळून टाकू शकतो, पेहराव टाकू शकतो, जेवण बदलू शकतो. मग यांतलं काहीही बदलायला लावणं हा अन्याय नाही, असं म्हणायचं का? शिवाय ‘नीटनेटकेपणा’चा नियम सर्वांना सारखाच असतो हाही भास आहे. सरळ केसाच्या बाईला तो पाळायला सकाळची पाच मिनिटं लागतात. दुसरीला रसायन, टोप, पैसा, तासन्तास आणि कधी टाळूवरचे कायमचे टक्कल पडलेले डाग. मोजपट्टी ज्याच्या अंगावरून बेतली त्याला ती कधी टोचत नाही.

दक्षिण आफ्रिकेत तर केसावरून माणसाचा वंशच ठरवला जाई. वर्णद्वेषी राजवटीत केसांत पेन्सिल खोवून ती पडते की अडकते हे पाहत, आणि त्यावर घर, शाळा, लग्न अवलंबून असे. ती राजवट गेली. तरीही 2016 च्या ऑगस्टमध्ये प्रिटोरियाच्या मुलींच्या नामांकित शाळेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना, केस नीट करा असं आम्हाला का बजावलं जातं, म्हणून गणवेशात निदर्शनं करावी लागली. मुलींनी डोक्यावर हात एकमेकांत अडकवून उभं राहून विचारलेला प्रश्न देशभर गेला आणि प्रांताच्या शिक्षण खात्याला शाळेचे केसांचे नियम स्थगित करावे लागले.

हळूहळू कायदेही हलले. अमेरिकी सैन्याने 2014 मध्ये ट्विस्ट, म्हणजे दोन बटा एकमेकींवर पिळून केलेली रचना, आणि काही प्रकारच्या वेण्यांवर कडक निर्बंध घातले. टीकेनंतर त्याच वर्षी ते सैल केले आणि 2017 मध्ये लॉक्सना मुभा दिली. कॅलिफोर्नियाने 3 जुलै 2019 रोजी ‘क्राउन’ कायदा केला. वंशाशी निगडित केसांचा पोत आणि वेण्या, ट्विस्ट, लॉक्स अशा रचना यांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. दाट, उंच केस मावतील अशी पोहण्याची मोठी टोपी टोकियो ऑलिंपिकसाठी 2021 मध्ये नाकारली गेली होती. 2022 मध्ये तिला मान्यता मिळाली. त्याच वर्षी बारीक लॉक्स असलेल्या केतांजी ब्राउन जॅक्सन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून बसल्या. आणि त्याच वर्षी मिशेल ओबामा यांनी सांगितलं की व्हाइट हाउसमधल्या आठ वर्षांत वेण्या घालाव्यात असं मनात येऊनही त्यांनी केस सरळच ठेवले, कारण देश अजून कृष्णवर्णीय कुटुंबाची सवय करून घेत होता. जगातल्या सर्वांत प्रभावशाली स्त्रियांपैकी एकीलाही आपल्या डोक्याबद्दल आधी देशाचा अंदाज घ्यावा लागला.

या इतिहासाशी आपला काय संबंध, असं मराठी वाचक विचारेल. संबंध आहे, आणि तो थेट आहे. कृष्णवर्णीय स्त्रिया जे टोप आणि शिवून घेतलेले सरळ केस वापरतात, त्यातले पुष्कळसे केस भारतातून जातात. तिरुपतीच्या देवस्थानात, तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर, म्हणजे केशदानाच्या जागी, नवस फेडणाऱ्या बायका डोकं पुढे करतात. तो केस लांबीप्रमाणे निवडला जातो, लिलावात विकला जातो आणि देवस्थानाला वर्षाकाठी शंभर कोटींहून अधिक रुपये मिळवून देतो. अमेरिकी विनोदवीर क्रिस रॉक यांच्या 2009 च्या ‘गुड हेअर’ या माहितीपटाने हा मार्ग अमेरिकी प्रेक्षकांना दाखवला. आपल्या गावांतल्या बायका विंचरताना निघालेल्या केसांची गुंडाळी भिंतीच्या फटीत, कोनाड्यात जपून ठेवतात आणि ‘केसांवर भांडी’वाली आली की ती देऊन एखादं पातेलं घेतात. असा गुंतवळ कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला, बंगालात मुर्शिदाबादला सोडवला जातो आणि परदेशी रवाना होतो. एका बाईने श्रद्धेने किंवा गरजेने दिलेला केस दुसऱ्या बाईला मुलाखतीला जाताना लागतो. दोघींची कधी भेट होत नाही.

दुसरा संबंध विचारांचा आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केलं. त्याच सत्यशोधक परंपरेतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईत नाभिक बांधवांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला. केशवपनातही रक्त येत नव्हतं. तेही ‘केसच तर’ होते. पण ज्या हातात वस्तरा होता त्याच हाताने तो खाली ठेवला, तेव्हा समाजाला कळलं की आपण इतकी वर्षं काय कापत होतो. केसांवरची सत्ता एकटा हुकूम देणारा चालवत नाही. वस्तरा चालवणारे, कंगवा तापवणारे, नियमावली टंकणारे, मुलाखतीत भुवया उंचावणारे असे पुष्कळ हात तिला लागतात. त्यांतला एखादा हात मागे घेणं प्रत्येकाच्या आवाक्यात असतं.

आणि केस मोकळे ठेवणं म्हणजेच स्वाभिमान, हाही नवा हुकूम होऊ नये. अॅफ्रो राखणारी, लॉक्स वाढवणारी, रिलॅक्सर लावणारी, टोप घालणारी, डोकं तुळतुळीत करणारी, या प्रत्येकीला आपल्या डोक्याबद्दल आपल्यापुरता निर्णय घेता यावा आणि त्याचा जाब कुणी विचारू नये, एवढाच या साऱ्या लढ्याचा अर्थ आहे. तिने केस सरळ केले म्हणून तिच्या निष्ठेवर शंका घेणारा आणि ते कुरळे ठेवले म्हणून तिच्या कामावर शंका घेणारा, हे दोघेही तिच्या डोक्यावर आपला हक्क सांगत असतात.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मार्च 2022 मध्ये देशव्यापी क्राउन कायदा मंजूर केला. सिनेटमध्ये तो पुढे सरकला नाही. म्हणजे एका राज्यात जी बाई वेण्यांसह सुरक्षित आहे, ती सीमा ओलांडली की कदाचित नसेल. न्यू जर्सीत, लंडनमध्ये, नैरोबीत आज मराठी माणसं उमेदवार निवडण्याच्या, शिकवण्याच्या, बढती देण्याच्या खुर्च्यांवर बसली आहेत; पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थिनी शिकत आहेत. त्यांच्या केसांना न विचारता हात लावू नका, आपल्या मुलांनाही लावू देऊ नका. आणि समोर बसलेली उमेदवार ‘नीटनेटकी’ वाटत नाही असं मनात आलं, तर ते मत कागदावर उतरवण्याआधी ही मोजपट्टी कुणाच्या डोक्यावरून बेतली आहे ते स्वतःला विचारा. एखादी गोष्ट बदलता येते, एवढ्यावरून ती बदलायला लावायचा अधिकार कुणालाही मिळत नाही.